अपात्रतेचा कायदा आणि न्यायालयांचे निकाल : नातेपुते परिसरातून पाहिलेला इतिहास

लोकांनी मत दिले म्हणून निवडून आलेली प्रत्येक व्यक्ती पदावर राहू शकतेच असे नाही. निवडणूक कोणी लढवू नये आणि निवडून आल्यावर कोणी पद सोडले पाहिजे, हे कायद्याने ठरवून दिलेले असते. या नियमांना अपात्रतेचे नियम म्हणतात. त्यांचा संबंध तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर येतो. अर्जांच्या छाननीत निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवारी अर्ज फेटाळतो, हा पहिला टप्पा. निकालानंतर निवडणूक याचिकेवर न्यायालय निवड रद्द करते, हा दुसरा. निवड रीतसर झाली, पण पुढे घडलेल्या किंवा उघडकीस आलेल्या कारणाने सदस्यत्व जाते, हा तिसरा. तिन्ही टप्प्यांवर शेवटचा शब्द बहुधा न्यायालयाचा असल्यामुळे अपात्रतेचा इतिहास मुख्यतः न्यायालयीन निकालांचा इतिहास आहे.

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील नातेपुते हे या नियमांचे थर एकाच ठिकाणी पाहण्यासारखे गाव आहे. पुणे–पंढरपूर रस्त्यावरचे, ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचे हे बाजारपेठेचे गाव अनेक दशके ग्रामपंचायतीखाली होते. आता तेथे नगरपंचायत आहे. इथला मतदार नगरसेवक निवडतो आणि २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या माळशिरस मतदारसंघातून आमदार व माढा मतदारसंघातून खासदार निवडतो. या प्रत्येक पदाला अपात्रतेचा वेगळा कायदा लागू आहे. तक्रार कोणाकडे करायची, निर्णय कोण देणार आणि अपील कोठे होणार, हेही पदागणिक बदलते.

इंग्रजी अमदानीतील मुळे

मुंबई इलाख्यात निवडून येण्याची कल्पना नगरपालिका आणि लोकल बोर्ड यांच्यामार्फत रुजली. १८८४ च्या लोकल बोर्ड कायद्याने जिल्हा आणि तालुका पातळीवर निवडलेल्या सदस्यांना जागा मिळाली. मतदानाचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्याशी जोडलेला असल्याने बहुसंख्य रयत निवडणुकीच्या बाहेरच होती. अपात्रतेचा प्रश्न मूठभर लोकांपुरता होता आणि निर्णयाची सूत्रे सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती होती.

राजकीय शिक्षा आणि लोकप्रतिनिधित्व यांचा संघर्षही याच काळात सुरू झाला. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये आणि पुन्हा १८९७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळावर निवडून गेले होते. १८९७ मध्येच त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला, त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि विधिमंडळातील त्यांची कारकीर्द थांबली. १९१९ च्या सुधारणांनंतर झालेल्या निवडणूक नियमांत सहा महिन्यांहून अधिक कैदेची शिक्षा झालेल्या माणसाला, माफी मिळाली नसेल तर, शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे उमेदवारीला बंदी होती. चोरीसाठी तुरुंगात गेलेला आणि स्वराज्याच्या चळवळीसाठी तुरुंगात गेलेला यांत हा नियम भेद करीत नव्हता. शिक्षेवर आधारलेली अपात्रता सत्ताधाऱ्यांच्या हातात विरोधकांना दूर ठेवण्याचे साधन बनू शकते, ही शंका तेव्हापासून या विषयाला चिकटली आहे. स्वतंत्र भारतात न्यायालयांनी अपात्रतेच्या कलमांचा अर्थ काटेकोरपणे लावण्याचा आग्रह धरला, त्यामागे ही शंकाही आहे.

संविधान आणि पहिला नियम

संविधानाच्या अनुच्छेद १०२ ने खासदारांच्या आणि अनुच्छेद १९१ ने आमदारांच्या अपात्रतेची कारणे दिली. लाभाचे पद धारण करणे, न्यायालयाने मनोविकल ठरवणे, दिवाळखोरी, परकीय नागरिकत्व आणि संसदेने कायद्याने घातलेली अन्य कारणे असा त्यांचा क्रम आहे. ही अन्य कारणे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमात आली. पुढे पंचायतींसाठी अनुच्छेद २४३-एफ आणि नगरपालिकांसाठी अनुच्छेद २४३-व्ही यांनी हाच अधिकार राज्यांच्या विधिमंडळांना दिला.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या धामधुमीतच, जानेवारी १९५२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पोन्नुस्वामी खटल्यात पायाभूत नियम घालून दिला. मद्रास राज्यातील नामक्कल येथील एका उमेदवाराचा अर्ज फेटाळला गेला होता आणि त्याने उच्च न्यायालयात धाव घेतली होती. निवडणूक सुरू झाली की न्यायालयाने मध्ये पडू नये, अर्ज चुकीने फेटाळला असला तरी दाद निकालानंतर निवडणूक याचिकेतूनच मागावी, असे न्यायालयाने सांगितले. मतदान वेळेवर व्हावे हा यामागचा हेतू होता. पंचायती व नगरपालिकांनाही संविधानाने हाच बंध घातला. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या निवडीला आव्हान द्यायचे असेल, तर निकालापासून पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशापुढे याचिका करावी लागते. नगरपालिका आणि नगरपंचायतीच्या बाबतीत निकाल प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवसांत जिल्हा न्यायाधीशापुढे. मुदत टळली की तो मार्ग बंद होतो.

या नियमाची दुसरी बाजू उमेदवाराला जाचक ठरते. छाननीत अन्याय झाला तरी ती निवडणूक त्याच्या हातून गेलेलीच असते. याचिका जिंकूनही मधली वर्षे परत मिळत नाहीत. अपात्रतेच्या साऱ्या इतिहासात वेळेचा हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

गैरप्रचार आणि मताधिकार : विलेपार्ले

लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३ मध्ये लाच देणे, दडपण आणणे, धर्म वा जातीच्या नावाने मत मागणे यांना भ्रष्ट आचार म्हटले आहे. असा आचार सिद्ध झाला की निवड रद्द होते आणि दोषी व्यक्तीवर सहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. १९७५ पर्यंत ही बंदी न्यायालयाच्या निकालाबरोबर आपोआप लागू होत असे. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधी यांची रायबरेलीतील निवड रद्द केली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच कायदा बदलला. बंदी घालायची का आणि किती काळ, हे निवडणूक आयोगाच्या मतानुसार राष्ट्रपती ठरवतील, अशी तरतूद झाली.

या बदललेल्या कायद्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण महाराष्ट्रातले आहे. डिसेंबर १९८७ मध्ये मुंबईतील विलेपार्ले विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. डॉ. रमेश प्रभू निवडून आले. पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. प्रभू यांच्या प्रचारसभांतील बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणांत धर्माच्या नावाने मते मागितली गेली, हा याचिकेचा गाभा होता. एप्रिल १९८९ मध्ये उच्च न्यायालयाने निवड रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ रोजी न्या. जे. एस. वर्मा यांच्या खंडपीठाने तो निकाल कायम केला. ठाकरे स्वतः उमेदवार नव्हते. तरीही उमेदवाराच्या संमतीने भ्रष्ट आचार करणाऱ्यालाही कायदा दोषी धरत असल्याने तेही या निकालाच्या कक्षेत आले. १९९९ मध्ये राष्ट्रपतींनी आयोगाच्या मतानुसार त्यांचा मताधिकार ११ डिसेंबर १९९५ पासून सहा वर्षांसाठी काढून घेतला. सभेतल्या शब्दांची किंमत उमेदवाराला आणि नेत्याला अशी एकत्र मोजावी लागली.

त्याच दिवशी त्याच खंडपीठाने मनोहर जोशी यांची १९९० ची दादर मतदारसंघातील निवड वैध ठरवली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली होती. एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांबाबत दोन वेगळे निकाल लागले, कारण प्रत्येक ठिकाणी कोण, कोठे, काय बोलले आणि त्याला उमेदवाराची संमती होती का, याचा पुरावा वेगळा होता. मुंबईच्याच सांताक्रूझ मतदारसंघातून उद्भवलेल्या अभिराम सिंह खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने आणखी पुढचे पाऊल टाकले. उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या आधारे मत मागणे हाही भ्रष्ट आचार आहे, असे बहुमताचे म्हणणे होते.

शिक्षा, अपील आणि स्थगिती

फौजदारी शिक्षेमुळे येणारी अपात्रता कलम ८ मध्ये आहे. काही ठरावीक गुन्ह्यांत शिक्षेचा काळ लहान असला तरी अपात्रता येते. इतर गुन्ह्यांत दोन वर्षे वा अधिक कैद झाली तर शिक्षेच्या काळात आणि सुटकेनंतर सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही. नुसता गुन्हा दाखल झाला किंवा आरोपपत्र आले म्हणून अपात्रता येत नाही. २५ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने हे पुन्हा स्पष्ट केले. संसदेने न घातलेले अपात्रतेचे नवे कारण न्यायालय निर्माण करू शकत नाही. उमेदवाराने आपल्यावरील खटले लोकांसमोर उघड करावेत, एवढे न्यायालय सांगू शकते, असा त्या निकालाचा आशय आहे.

शिक्षेविरुद्ध अपील चालू असेल तर काय, या प्रश्नाचे उत्तर देणारा एक महत्त्वाचा खटला सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या विजापूर जिल्ह्यातील इंडी मतदारसंघाचा आहे. तेथील आमदार रविकांत पाटील यांना २००० मध्ये महाराष्ट्रातील सत्र न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा दिली होती. २००४ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीआधी मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षेच्या अंमलाबरोबर दोषसिद्धीलाही स्थगिती दिली. ते निवडून आले. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००६ मध्ये तो निकाल फिरवला. केवळ शिक्षेची अंमलबजावणी थांबवणे आणि दोषसिद्धीच स्थगित करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याने माणूस तुरुंगाबाहेर येतो, पण अपात्र राहतो. दुसऱ्याने अपात्रताही निलंबित होते. मात्र दोषसिद्धीला स्थगिती ही अपवादानेच द्यायची असते, असेही न्यायालयाने बजावले. आज देशभरात कोणत्याही आमदार-खासदाराला शिक्षा झाली की त्याचे वकील सर्वप्रथम दोषसिद्धीच्या स्थगितीचा अर्ज का करतात, याचे कारण या निकालात आहे.

पदावर असलेल्या सदस्याला मात्र कायद्यात तोवर एक सवलत होती. शिक्षेनंतर तीन महिन्यांत अपील केले की अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याचे पद टिकत असे. १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत घटनाबाह्य ठरवली. उमेदवाराला एक नियम आणि सदस्याला दुसरा, असा भेद करण्याचा अधिकार संविधानाने संसदेला दिलेला नाही, हे त्याचे कारण होते.

महाराष्ट्रात या निकालाचे परिणाम लवकर दिसले. मार्च २०१४ मध्ये बबनराव घोलप यांना बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात विशेष न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली आणि शिर्डी लोकसभेची त्यांची उमेदवारी ऐनवेळी सदाशिव लोखंडे यांच्याकडे गेली. २२ डिसेंबर २०२३ रोजी नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या खटल्यात आमदार सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि सावनेरची जागा लगेच रिक्त घोषित झाली. दोषसिद्धीला स्थगिती मिळाली नाही, म्हणून २०२४ ची विधानसभा निवडणूक त्यांना लढवता आली नाही.

राखीव जागा आणि जात पडताळणी

माळशिरस विधानसभा आणि सोलापूर लोकसभा हे दोन्ही मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. राखीव जागेवर लढणाऱ्याचा जातीचा दावा खरा असणे ही पात्रतेचीच अट असते. दावा खोटा ठरला तर ज्या समाजासाठी जागा राखली, त्याचे प्रतिनिधित्व हिरावले जाते. म्हणून या शाखेतील निकालांना केवळ तांत्रिक महत्त्व नाही.

जात पडताळणीची आजची व्यवस्था महाराष्ट्रातूनच उद्भवलेल्या एका खटल्यावर उभी आहे. महादेव कोळी असल्याच्या दाव्यावर प्रवेश घेतलेल्या विद्यार्थिनींच्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९९४ मध्ये पडताळणी समिती, दक्षता पथक आणि चौकशीची पद्धत आखून दिली. त्या धर्तीवर राज्याने जात प्रमाणपत्राचा स्वतंत्र कायदा केला आणि तो ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. स्थानिक संस्थेत राखीव जागेवर निवडून आलेल्याचे प्रमाणपत्र रद्द झाले, तर त्याची निवड मुळापासूनच संपुष्टात आली असे मानण्याची तरतूद त्यात आहे.

या कायद्याची सर्वांत मोठी झळ गावोगावच्या सदस्यांना लागली. राखीव जागेवरचा उमेदवार अर्जाबरोबर वैधता प्रमाणपत्र देऊ शकला नाही, तर निवडून आल्यावर सहा महिन्यांत ते देण्याचे हमीपत्र त्याला द्यावे लागे. समितीकडे प्रकरणे तुंबलेली असत आणि अनेकांची मुदत निघून जाई. ही मुदत बंधनकारक आहे की समितीच्या विलंबाची शिक्षा सदस्याला देऊ नये, यावर वेगवेगळे निकाल येत राहिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मुदत बंधनकारक ठरवली आणि २३ ऑगस्ट २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. नंतर प्रमाणपत्र मिळाले तरी गेलेले पद परत येत नाही, असा त्याचा अर्थ होता. राज्यभरातील सदस्यांची पदे धोक्यात आल्यावर त्याच वर्षी सरकारने मुदत बारा महिने केली.

लोकसभेच्या पातळीवर दोन प्रकरणे गाजली. २०१९ मध्ये सोलापूरमधून डॉ. जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी यांनी सुशीलकुमार शिंदे आणि प्रकाश आंबेडकर यांचा पराभव केला. त्यांचा बेडा जंगम जातीचा दाखला फेब्रुवारी २०२० मध्ये पडताळणी समितीने अवैध ठरवला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि त्यांनी २०२४ पर्यंतचा कार्यकाळ पूर्ण केला. अमरावतीच्या खासदार नवनीत राणा यांचा मोची जातीचा दाखला मुंबई उच्च न्यायालयाने ८ जून २०२१ रोजी रद्द करून दोन लाख रुपये भरण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने आधी त्या निकालाला स्थगिती दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी तो रद्द केला. कागदपत्रे तपासून पडताळणी समितीने काढलेल्या निष्कर्षात उच्च न्यायालयाने हात घालायला नको होता, असे त्याचे मत पडले. शेवटचा निकाल आला तेव्हा पुढच्या लोकसभेची निवडणूक सुरू झाली होती. दाखला खरा असो वा खोटा, मतदाराला त्याचे उत्तर वेळेत मिळाले नाही.

गावपातळीवरचे नियम

अपात्रतेची सर्वाधिक प्रकरणे विधानसभेत नव्हे, ग्रामपंचायतीत होतात. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४ हे गावच्या राजकारणातील सर्वांत परिचित कलम आहे. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी, ग्रामपंचायतीच्या कामात हितसंबंध, दोनपेक्षा अधिक अपत्ये, सरकारी जागेवर अतिक्रमण, शौचालयाचा अभाव अशी कारणे त्यात आहेत. निवडणूक खर्चाचा हिशेब मुदतीत दिला नाही, तर कलम १४-ब खाली पाच वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. तक्रारीवर जिल्हाधिकारी निर्णय देतात, त्यावर विभागीय आयुक्तांकडे अपील होते आणि मग प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचते. गावात एका मताने हरलेला गट याच वाटेने पुन्हा लढत देतो.

थकबाकीच्या वादात बहुतेक वेळा एकच मुद्दा निर्णायक ठरतो. कायद्यातील तीन महिन्यांची मुदत मागणीपासून मोजायची असल्याने बिल खरोखर बजावले होते का, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरावरून सिद्ध करावे लागते. दप्तर नीट नसेल तर तक्रार तिथेच ढासळते.

दोन अपत्यांच्या नियमाने महाराष्ट्रातील गावांचे राजकारण मोठ्या प्रमाणात घडवले. एक वर्षाची सवलत धरून १२ सप्टेंबर २००१ ही येथील महत्त्वाची तारीख ठरली; त्यानंतर झालेल्या तिसऱ्या अपत्याने पद जाते. जुळी अपत्ये एका बाळंतपणातील एक गणण्याची सोयही कायद्यात आहे. हरियाणातील अशाच तरतुदीला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००३ मध्ये जावेद खटल्यात फेटाळले. निवडणूक लढवणे हा मूलभूत हक्क नसून कायद्याने दिलेला हक्क आहे, म्हणून कायदा त्याला अट घालू शकतो, अशी त्यामागची भूमिका होती. तिसरे मूल दत्तक दिले तरी अपात्रता टळत नाही, हे ओडिशातील एका प्रकरणात २०१८ मध्ये ठरले. या नियमाचा भार स्त्रियांवर अधिक पडतो, हा आक्षेप महत्त्वाचा आहे. अपत्यांच्या संख्येचा निर्णय अनेक घरांत स्त्रीच्या हाती नसतो, पण सरपंचपद मात्र तिचे जाते.

अतिक्रमणाच्या कलमावर दोन निकाल एकमेकांविरुद्ध आले. २०१७ मध्ये सागर धुंदरे खटल्यात दोन न्यायाधीशांनी ज्याने स्वतः अतिक्रमण केले तोच अपात्र, कुटुंबीय किंवा वारस नव्हे, असा अर्थ लावला. पुढच्याच वर्षी, १९ सप्टेंबर २०१८ रोजी, जनाबाई खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो फिरवला. कुटुंबातील कोणी केलेल्या अतिक्रमणात राहून त्याचा उपभोग घेणाराही अपात्र आहे, कारण ग्रामपंचायतीच्या मालमत्तेचे रक्षण करणे हे सदस्याचे कर्तव्य आहे आणि तोच तिच्यावर कब्जा ठेवून बसला तर हितसंबंधांचा संघर्ष उभा राहतो, हे या निकालाचे सूत्र आहे. गायरान आणि गावठाणातील जुन्या घरांमुळे हा निकाल राज्यातील असंख्य कुटुंबांना लागू पडतो.

त्याचा वापर सुडासाठी होऊ लागल्यावर न्यायालयाला दुसरी बाजूही सांगावी लागली. जळगाव जिल्ह्याच्या पारोळा तालुक्यातील विचखेडे येथील महिला सरपंचाला, सासूच्या सरकारी जागेवरील घरात राहतात या कारणावरून, पदावरून दूर करण्यात आले होते. जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि उच्च न्यायालय यांपैकी कोठेही त्यांना दिलासा मिळाला नाही. २७ सप्टेंबर २०२४ रोजी न्या. सूर्यकांत आणि न्या. उज्जल भुयान यांनी त्यांना पद परत दिले. पती-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहत असल्याचे त्यांचे म्हणणे नीट तपासलेच गेले नव्हते. राखीव जागेवर निवडून आलेली बाई आपल्या वतीने निर्णय घेईल हे गावाला पचत नाही, म्हणून तिला हटवण्याची कारणे शोधली जातात, आणि सरकारी यंत्रणा अशा वेळी यांत्रिकपणे आदेश काढतात, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. लोकनियुक्त प्रतिनिधीला, त्यातही ग्रामीण भागातील स्त्रीला, दूर करण्याचा निर्णय हलक्या हाताने घेता येणार नाही, हे त्याचे सार आहे.

ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीकडे

नातेपुते येथे नगरपंचायतीची पहिली निवडणूक २०२१ च्या अखेरीस राज्यातील इतर नगरपंचायतींबरोबर झाली. ती सुरळीत एका दिवसात पार पडली नाही, कारण १५ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गासाठी राखलेल्या जागा खुल्या करून निवडणूक घेण्यास सांगितले. २१ डिसेंबरला उरलेल्या प्रभागांत आणि १८ जानेवारी २०२२ ला या प्रभागांत मतदान झाले. नगरपंचायतीच्या सतरा प्रभागांपैकी काहींचे आरक्षण असे न्यायालयाच्या आदेशाने मतदानाच्या तोंडावर बदलले.

संस्था बदलताच अपात्रतेचा कायदाही बदलला. आता १९६५ चा नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम लागू आहे. कलम १६ मध्ये उमेदवारीच्या वेळची कारणे आहेत, कलम ४४ मध्ये पदावर असताना ओढवणारी. अतिक्रमणाबाबत ग्रामपंचायत कायद्यातील संदिग्धता येथे नाही. नगरसेवकाने स्वतः, त्याच्या पती-पत्नीने किंवा अवलंबितांनी अनधिकृत बांधकाम केले तरी त्याचे पद जाते, असे कलम ४४ स्पष्टच म्हणते. बाजारपेठेच्या वाढत्या गावात हे कलम ग्रामपंचायतीच्या काळापेक्षा अधिक धारदार ठरते. पक्षांतरासाठी १९८६ चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा आहे आणि त्याखालील निर्णय जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो; आमदारांच्या बाबतीत हेच काम विधानसभा अध्यक्ष करतात.

नगराध्यक्षांना हटवण्याच्या अधिकाराला रायगड जिल्ह्यातील उरणच्या प्रकरणाने मर्यादा घातली. नगराध्यक्ष रवी भोईर यांना सरकारने गैरवर्तनाच्या कारणावरून पदावरून दूर केले होते. २ मार्च २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याला हटवणे ही सरकारी नोकराला काढण्यापेक्षाही गंभीर बाब आहे, कारण त्यामुळे त्या व्यक्तीबरोबर तिला निवडणाऱ्या मतदारांचाही हक्क जातो. म्हणून चौकशी नैसर्गिक न्यायाला धरून हवी, आदेशात कारणे हवीत आणि किरकोळ अनियमिततेला गैरवर्तन म्हणता येणार नाही, असे निकालात म्हटले आहे.

या परिसरातील खटल्यांसाठी अलीकडे झालेला मोठा बदल भौगोलिक आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या अखत्यारीत आला. माळशिरस तालुक्यातील अपात्रतेच्या याचिका आता तेथे चालतात. पद वाचवण्यासाठी किंवा तक्रार लढवण्यासाठी मुंबईपर्यंत खेटे घालण्याचा खर्च साध्या सदस्याला परवडत नसे. न्याय जवळ येणे हा त्याच्यासाठी थेट लाभ आहे.

निकालांनी ठरलेले नियम

या निकालांतून काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. अपात्रतेचे कारण कायद्यात लिहिलेले असले पाहिजे. अधिकारी किंवा न्यायालय ते वाढवू शकत नाही. कलमाचा मजकूर लागू पडत असेल, तर सहानुभूतीने पद वाचत नाही, मग ती सहा महिन्यांची मुदत असो वा तिसरे अपत्य. मात्र कलम लागू पडते हे ठोस पुराव्याने आणि संबंधिताला ऐकून घेऊन सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर व निर्णय देणाऱ्यावर आहे. उमेदवारीच्या टप्प्यावर न्यायालय थांबते आणि निकालानंतर तपासते.

दोन उणिवा अजून भरून निघालेल्या नाहीत. पहिली विलंबाची. विलेपार्ल्याचा अंतिम निकाल यायला आठ वर्षे लागली, अमरावतीचा निकाल कार्यकाळ संपत असताना आला आणि ग्रामपंचायतीच्या पाच वर्षांत जिल्हाधिकारी, आयुक्त व उच्च न्यायालय ही तीन दारे ओलांडताना बहुतेक काळ संपतो. दुसरी विषमतेची. एखाद्या सरपंचाचे पद घरपट्टीच्या थकबाकीवर किंवा हिशेबाच्या एका कागदावर जाते. आमदार-खासदाराला मात्र दोन अपत्यांची अट नाही आणि थकीत घरपट्टीही त्याच्या पदाच्या आड येत नाही. लोकशाहीच्या सर्वांत खालच्या पायरीवर सर्वांत कडक नियम आणि वर जाताना सैल, अशी ही रचना आहे. तिच्यातील दोष दूर करणे न्यायालयाच्या हाती नाही, कारण अपात्रतेची कारणे घालण्याचा आणि काढण्याचा अधिकार संविधानाने संसदेला आणि विधिमंडळाला दिला आहे. स्थानिक संस्थांच्या तक्रारींसाठी निर्णयाची बंधनकारक मुदत आणि सर्व पातळ्यांवर समान निकष या दोन सुधारणा त्यांनीच करायच्या आहेत.